संध्याकाळच्या दिव्यामागची कोयना

मैत्रिणींनो, महाबळेश्वरला तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. कुणी लग्नानंतर पहिल्या वर्षी, कुणी मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी ओंजळीत घेऊन आपण डोळ्यांना लावतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं ते पाणी. मग स्ट्रॉबेरी आणि मधाच्या बाटल्या पिशवीत टाकून आपण घाट उतरतो, आणि त्या पाच बहिणींचं पुढे काय झालं याचा विचारही मनात येत नाही.

त्यांतल्या एकीची, म्हणजे कोयनेची, वाट आज आपण धरू या. तुमच्या-माझ्या घरात संध्याकाळी सात वाजता दिवा लागतो, पंखा फिरतो, मिक्सर घरघरतो, त्याच्याशी या नदीचा फार जवळचा संबंध आहे. आणि प्रवास म्हणून पाहिलं तरी ही वाट मोठी देखणी आहे. तिच्यासाठी दोन दिवस काढले तर वाया जायचे नाहीत.

कोयना उगवते महाबळेश्वरला, पण इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेला वळत नाही. सह्याद्रीच्या कडेकडेने ती सरळ दक्षिणेकडे धावते. तिच्या उजव्या हाताला, डोंगराच्या पलीकडे, खाली कोकण. हेळवाकपाशी आल्यावर मात्र ती एकदम पूर्वेला वळते आणि पाटणवरून कऱ्हाडला येऊन कृष्णेला मिळते. कऱ्हाडचा प्रीतिसंगम तो हाच. दोघी समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात. सासरी गेलेल्या दोन बहिणी माहेरच्या अंगणात भेटाव्यात तशा. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. तिथे घटकाभर बसावं आणि मग कोयनानगरची एसटी पकडावी.

कऱ्हाड सोडलं की थोड्याच वेळात उसाचे फड मागे पडतात. पाटणपर्यंत दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ जवळ येत जातात. मध्येच नदी दिसते, मध्येच लपते. पाटणच्या पुढे हवा बदलते, झाडी दाट होते, आणि कोयनानगर आलं की समोर धरणाची भिंत उभी राहते. जवळ जाऊन भिंतीवरून फिरायला मिळत नाही, सुरक्षेचा बंदोबस्त असतो. पण नेहरू उद्यानात उभं राहिलं की धरण समोरून छान दिसतं. ही भिंत १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांहून थोडी जास्त लांब आहे. म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारत आडवी टाकून दरीचं तोंड बंद केल्यासारखं! मागे पसरलेल्या पाण्याला शिवसागर म्हणतात. तो पार उत्तरेला तापोळ्यापर्यंत गेला आहे. महाबळेश्वरहून तापोळ्याला जाऊन तुम्ही होडीत बसला असाल, तर ते याच धरणाचं पाणी.

आता मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. मी शाळेत शिकवते तिथेही विचारतात. “बाई, वीज धरणाच्या भिंतीतून निघते का?” थोडी निघते. धरणाच्या पायथ्याशी एक लहान वीजगृह आहे, पूर्वेकडे शेतीसाठी सोडलेल्या पाण्यावर ते चालतं. पण कोयनेची खरी वीज तयार होते ती डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, कोकणात. ते कसं, हे समजायला आपल्याला कुंभार्ली घाट उतरावा लागेल.

कोयनानगरहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात घाटमाथा येतो. तिथे गाडी थांबवून एकदा खाली बघा. इकडे आपण कोयनेच्या पातळीच्या जरा वर असतो, आणि तिकडे कोकण असं खोल दिसतं की पोटात गोळा येतो. विजेसाठी नेमकी हीच गोष्ट हवी असते. पाणी तर पुष्कळ ठिकाणी असतं, पण पाणी आणि त्याच्या शेजारीच एवढी मोठी उडी, असं सह्याद्रीसारखं क्वचित जमून येतं. कोयनेचं पाणी धरणाने अडवलं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढून ते पश्चिमेला वळवलं, आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला उतरवलं. एवढ्या उंचीवरून नळातून आलेलं पाणी चक्रावर आदळतं, चक्र फिरतं, चक्राला जोडलेलं जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. पाणचक्कीवर पीठ दळायचे तसंच हे. तिथे जात्याची तळी फिरायची, इथे जनित्र फिरतं.

पोफळीचं वीजगृह जमिनीखाली आहे. वरून बघाल तर डोंगर आणि विजेचे मनोरे एवढंच दिसेल. १९६२ साली इथला पहिला संच सुरू झाला. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून क्षमता ६०० मेगावॉट. वापरलेलं पाणी पुढे कोळकेवाडीच्या तलावात साठवतात आणि अलोऱ्याला पुन्हा एकदा खाली सोडून ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा चालवतात. ताकातलं लोणी काढून झाल्यावर उरलेल्या ताकाची कढी करावी, तसा हा काटकसरीचा संसार आहे. चौथा टप्पा १,००० मेगावॉटचा. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याला तोंड पाडलं, तेही धरण रिकामं न करता! २५ एप्रिल २०१२ रोजी तोच प्रयोग दुसऱ्यांदा केला. धरणाच्या पायथ्याचं लहान वीजगृह धरून सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात जाते.

हे मेगावॉट ऐकले की आपलं डोकं गरगरतं. म्हणून मी आठवीच्या मुलांबरोबर घरगुती हिशेब मांडून पाहिला. आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं पाणी पोफळीच्या उंचीवरून खाली पडलं, तर वाटेतली गळती वजा जाता आपल्या घरात साधारण एक युनिट वीज येते. एक टाकी, एक युनिट. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास लावलात, की झाली एक टाकी खाली. इस्त्री तासभर चालवलीत, एक टाकी. आणि नऊ वॉटचा एलईडी दिवा? तो एका टाकीवर शंभर तासांहून अधिक जळतो. हा हिशेब मुलांनी घरी जाऊन सांगितला, आणि काहींच्या आयांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, “बाई, खरंच का हो?” खरंच! आणि गंमत म्हणजे एवढं होऊन टाकीतला एक थेंबही खर्च होत नाही. चक्र फिरवून पाणी होतं तसंच पुढे जातं. पोफळी-अलोऱ्याचं पाणी शेवटी वाशिष्ठी नदीत येतं, म्हणून चिपळूणची वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहती असते.

पाण्याच्या विजेचा पहिला गुण हा, की काही जळत नाही. चंद्रपूर किंवा कोराडीला जाऊन आलेल्या बायकांना विचारा. तिथे कोळशाच्या राशी असतात आणि राख साठवायला तळी करावी लागतात. कोळसा एकदा जळला की संपला. इथे दर पावसाळ्यात कोठार पुन्हा भरतं, आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस तरी किती पडावा! वर्षाला पाच हजार मिलिमीटर हा तिकडे नवलाचा आकडा नाही.

दुसरा गुण मला बायकांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा वाटतो. पाण्याची वीज हाकेला ओ देते. कोळशाचं केंद्र थंड झालेलं असलं तर पेटून पुन्हा तापायला तासन् तास घेतं. जुनी कोळशाची शेगडी आठवा, निखारे फुलेपर्यंत चहाची तल्लफ निघून जायची. पाण्याचं चक्र म्हणजे गॅसची शेगडी. झडप उघडली की काही मिनिटांत पूर्ण ताकदीने वीज, आणि नको असेल तेव्हा बंद.

याचं महत्त्व कुठे कळतं, तर संध्याकाळी. दिवेलागणीला राज्यातली लाखो घरं एकाच वेळी जागी होतात. दिवे, पंखे, टीव्ही, पाण्याचे पंप, मिक्सर, मुलांच्या अभ्यासाचे दिवे. मागणी एकदम उसळते. अलीकडे छपरांवर आणि माळरानांवर सौरऊर्जेच्या पाट्या आल्या. दुपारी त्या भरपूर वीज देतात, ही चांगलीच गोष्ट. पण सूर्य मावळायला आणि आपण स्वयंपाकाला लागायला एकच गाठ पडते! त्या वेळची नड भागवण्यासाठी कोयनेचं पाणी राखून ठेवलेलं असतं. घरात अचानक पाहुणे आले तर उपयोगी पडावी म्हणून आपण फळीवर शेवयांची बरणी ठेवतो, तशी.

ही बरणी अमर्याद मात्र नाही. धरणात मावतं सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर. पण सगळं पाणी पश्चिमेला वळवायची मुभा नाही. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद बसला होता. त्याच्या निवाड्याने कोयनेतून विजेसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी सोडता येतं. उरलेलं पूर्वेकडच्या शेतीचं आणि पिण्याचं. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी तालुक्यांचं लक्ष याच पाण्याकडे लागलेलं असतं. १ जूनला जलवर्ष सुरू होतं, आणि पुढच्या ३१ मेपर्यंत हा शिधा पुरवायचा असतो. पाऊस कमी पडला की दिव्याला द्यायचं का पिकाला, हा प्रश्न उभा राहतो. महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला डबे उघडून बघणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणूनच तेच पाणी पुन्हा वर चढवायची युक्ती निघाली. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, २५० मेगावॉटचं असं केंद्र २००८ पासून आहे. एक तलाव घाटमाथ्यावर, एक खाली. वीज हवी तेव्हा पाणी खाली सोडायचं, आणि विजेला मागणी नसते तेव्हा पंपाने परत वर चढवायचं. चढवायला वीज जास्त लागते आणि मिळते त्याहून कमी, पण नडीच्या वेळी मिळते. तिचं मोल तेवढ्यासाठी.

इथवर सगळं गोड झालं. पण कोयनेची गोष्ट इथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, माणसं साखरझोपेत असताना, कोयना परिसरात मोठा भूकंप झाला. कोयनानगरची घरं कोसळली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं, मग त्याची भिंत मजबूत करण्यात आली. एवढा मोठा पाणीसाठा आणि तिथले भूकंप यांचा संबंध शास्त्रज्ञांनी पुढे जगापुढे मांडला. लहान धक्के आजही बसतात. तिथल्या बायका भांडी वाजली की हातातलं काम न सोडता म्हणतात, “हललं वाटतं.”

आणि दुसरी गोष्ट पाण्याखालची. शिवसागराचं निळं पाणी पाहताना आपण म्हणतो, किती सुंदर! पण धरण भरताना शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. घरं, भातखाचरं, देवळं, पाणवठे सगळं गेलं. हजारो कुटुंबं उठली. कुणी रायगड-ठाण्याकडे, कुणी सोलापूर-सांगलीकडे. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली, तेव्हा धरण बांधून, भरून, विजेचे दिवे लागून बारा-चौदा वर्षं झाली होती. जमिनीच्या हक्कासाठी या लोकांची तिसरी पिढी झगडते आहे. २०१८ मध्ये कोयनानगरला त्यांनी ठिय्या दिला होता, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने बसल्या होत्या.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी एक आजी भेटल्या. कडेला करवंदांची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी सहज विचारलं, “आजी, तुमचं गाव कुठलं?” त्यांनी पाण्याच्या दिशेने हात केला. “म्हायेर तितं हाय बगा, पान्याखाली. मी आठ वर्सांची व्हते. आयनं जातं घेतलं, देवळी लिपली आन् कडी लावून निगाली. पानी येनार हाय हे ठावं असून कडी लावली.” “नव्या ठिकाणी दिवे होते का?” मी विचारलं. त्या हसल्या. “दिवं मुंबैला गेलं. आमच्याकडं लाइट आली तवा मला दोन लेकरं झाल्याली.” मग माझ्या मुलीच्या हातात मूठभर करवंदं ठेवून म्हणाल्या, “पर आता हाय. नात त्याच लाइटीत अब्यास करती. वीज वाईट न्हाई बाई. आमाला कुनी इचारलं न्हाई, त्ये वाईट.”

मैत्रिणींनो, पाण्याच्या विजेबद्दल याहून नेमकं बोलणं मी वाचलेलं नाही. ही वीज चांगलीच आहे. धूर नाही, राख नाही, पाणी खर्च होत नाही, आणि ऐन वेळेला धावून येते. ती हवीच. पण ज्यांची चूल त्यासाठी बुडाली त्यांचं देणं आधी फेडायला हवं. ही गोष्ट काही कोयनेपासूनच सुरू झाली नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी खोपोलीची वीज १९१५ सालीच आली होती. पुढे मुळशीला धरण होऊ लागलं तेव्हा १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, बायकाही त्यात उतरल्या. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. शंभर वर्षं झाली, तरी घर सोडणाऱ्याला आधी विचारा, ही साधी मागणी तशीच आहे.

आपल्या हातात काय आहे? गावंच्या गावं वसवणं काही आपल्याला जमायचं नाही. पण विस्थापितांची बातमी पेपरात आली की पान उलटू नये, ती वाचावी आणि घरात तिच्याबद्दल बोलावं. मुलांना धरण दाखवताना तळाची गावंही सांगावीत. दुसरं, संध्याकाळी सहा ते दहा ही कोयनेची कामाची वेळ, तेवढी सांभाळावी. इस्त्री, कपड्यांचं यंत्र, पाण्याचा पंप ही कामं दुपारी उरकता येतात, तेव्हा सूर्याची वीज असते. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करताना एक टाकी डोळ्यांपुढे आणावी. मी घरात हे सांगितल्यापासून आमच्याकडे “आई, टाकी वाहतेय!” अशी आरोळी गीझरसाठी उठते.

आता प्रत्यक्ष जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात उत्तम. धरण भरलेलं असतं आणि डोंगर हिरवे. पावसाळ्यात गेलात तर नवजाजवळचा ओझर्ड्याचा धबधबा पाहावा, नशीब असेल तर धरणाचे सहा वक्र दरवाजेही उघडलेले दिसतील. पण घाटात धुकं आणि दरडी, तेव्हा रात्रीचा प्रवास टाळावा. जळवांसाठी पुडीत मीठ-हळद न्यावी. वीजगृह पाहायला परवानगी लागते, चौकशी केल्याशिवाय मुलांना आशा लावू नये. कोयनेचं अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे आवाज आणि कचरा दोन्ही नको. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, दोन दिवस टिकतात.

आणि घाटमाथ्यावर कुणी आजी करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या दिसल्या, तर भाव करू नका. जवळ बसा आणि त्यांचं गाव कुठलं ते विचारा.